उद्दिष्टातले क्रियापद वाटेत कुठे हरवते?

नववीच्या ‘धाराविद्युत’ या घटकाचे पाठ टाचण उघडले, तर साधारण असे एक उद्दिष्ट सापडते: ‘विद्यार्थी विद्युतधारा, विभवांतर आणि रोध यांच्या संबंधावरून परिपथाचे वर्तन स्पष्ट करतो.’ तासाला फळ्यावर ओहमचा नियम येतो, दोन उदाहरणे सोडवली जातात, मुले ती उतरवून घेतात. चाचणीत ‘ओहमचा नियम लिहा’ येते आणि आकडे बदलून तेच उदाहरण येते. उद्दिष्टात ‘स्पष्ट करतो’, तासाला ‘उतरवून घेतो’, चाचणीत ‘आठवतो’. एका घटकात तीन क्रियापदे झाली. २५ पैकी २२ गुण मिळवणाऱ्या मुलीला परिपथ कळला की नाही, हे त्या २२ वरून सांगता येत नाही.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझर यांना १९९०च्या सुमारास हेच दिसले. त्यांनी परीक्षेत परिपथांवर दोन प्रश्न ठेवले. एक नेहमीचा: अनेक रोधांचे जाळे, अमुक रोधातली धारा काढा. दुसऱ्यात फारशी आकडेमोड नव्हती. क, ख, ग असे तीन सारखे दिवे एकसर जोडणीत १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले आहेत. ‘ग’च्या दोन टोकांना समांतर एक कळ आहे. कळ बंद करून त्या वाटेने परिपथ पूर्ण केला, तर प्रत्येक दिव्याचे काय होईल?

उत्तर असे: धारेला कळीतून जवळजवळ रोधाविना वाट मिळते, म्हणून ‘ग’ विझतो. एकूण रोध तीन दिव्यांऐवजी दोन दिव्यांचा उरतो. दिव्यांचा रोध बदलत नाही असे धरले, तर धारा दीडपट होते, ‘क’ आणि ‘ख’ यांना ४ ऐवजी ६ व्होल्ट मिळतात आणि ते जास्त उजळतात. भौतिकशास्त्रज्ञाला हा प्रश्न पहिल्याहून कितीतरी सोपा वाटतो. विद्यार्थ्यांना मात्र आकडेमोडीच्या प्रश्नापेक्षा याच प्रश्नात कमी गुण मिळाले. जाळ्याचे गणित सोडवण्याची कृती त्यांना पाठ होती, पण धारा कुठून आणि का वाहते याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

ऑस्ट्रेलियन शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६मध्ये यावर एक लेख लिहिला आणि ‘कन्स्ट्रक्टिव्ह अलाइनमेंट’ हा शब्द रूढ झाला. मराठीत आपण त्याला सरळ ‘मेळ’ म्हणू. उद्दिष्टात जे क्रियापद आहे, ते मुलांनी तासाला प्रत्यक्ष करावे आणि परीक्षेतही तेच करून दाखवावे. बिग्ज यांचे एक निरीक्षण फार मोलाचे आहे. शिक्षकासाठी क्रम उद्दिष्ट, अध्यापन, परीक्षा असा असतो. विद्यार्थी मात्र परीक्षेकडून सुरुवात करतो. ‘हे परीक्षेला आहे का?’ या प्रश्नाला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. आपण जे मोजतो, तेच मूल मन लावून करते. मग मोजायचे ते नीट निवडायला नको का?

म्हणून घटक शिकवायला घेण्याआधी प्रश्न लिहून ठेवावेत. आधी उद्दिष्टे दोन-तीनच ठेवावीत. दहा लिहिली की एकही तपासले जात नाही. ‘समजतो’, ‘जाणतो’ ही क्रियापदे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी ‘भाकीत करून कारण देतो’, ‘परिपथ जोडून वाचन घेतो’ असे काही लिहावे. मग प्रत्येक उद्दिष्टासाठी एक प्रश्न तयार करावा आणि शेवटी तासिका आखाव्यात. भाकीत करणे हे उद्दिष्ट असेल, तर तासाला मुलांनीही भाकीत केलेच पाहिजे: आधी प्रत्येकाने एकट्याने वहीत उत्तर लिहायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग कळ दाबून बघायचे. हा क्रम मोडू नये. कळ आधी दाबली की सगळेच ‘मला माहीत होते’ म्हणतात.

डीएड-बीएडला शिकवला जाणारा संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, हे मेळ तपासायचे उत्तम साधन आहे. आडवी उद्दिष्टे, उभा आशय, चौकटीत गुण. २५ गुणांच्या घटक चाचणीत ज्ञान ५, आकलन ७, उपयोजन ८, कौशल्य ५ अशी वाटणी शोभते. पण पुष्कळदा प्रश्नपत्रिका आधी काढली जाते आणि तक्ता नंतर, फाइलला लावण्यापुरता. दुसरी चूक आणखी खोल आहे. वर्गात सोडवलेले उदाहरण आकडे बदलून आले आणि त्यावर ‘उपयोजन’ असे लिहिले, तरी मुलासाठी ते स्मरणच असते. प्रश्न कोणत्या उद्दिष्टाचा, हे प्रश्नाच्या शब्दांवरून ठरत नाही. वर्गात काय झाले यावरून ठरते. उपयोजनासाठी मांडणी नवी हवी, तत्त्व तेच.

कौशल्याचे ५ गुण ‘प्रयोगाची आकृती काढून कृती लिहा’ यावर देणे म्हणजे पोहण्याची परीक्षा कागदावर घेणे. ती प्रत्यक्षच घ्यावी. ४८ मुले, ४ टेबले आणि प्रत्येकाला ४ मिनिटे धरली, तर १२ फेऱ्या होतात आणि दोन तासिकांत काम उरकते. बाकीची मुले तोवर लेखी भाग सोडवतात. टेबलावर दोन विद्युतघट, १० ओहमचा रोध, अमीटर, व्होल्टमीटर, प्लग कळ आणि तारा. प्रत्येक गोष्टीला एक गुण: अमीटर एकसर जोडला, व्होल्टमीटर समांतर जोडला, अधिक-उणे टोके बरोबर, वाचन एककासह लिहिले, त्यावरून रोध काढला. दोन घटांचे ३ व्होल्ट धरले, तर धारा ०.३ अँपिअरच्या आसपास यायला हवी. शिक्षकाने पाहिल्याशिवाय कळ लावू द्यायची नाही. अमीटरचा रोध अगदी कमी असतो; तो थेट घटाच्या टोकांना समांतर लागला, तर मोठी धारा वाहून बिघडू शकतो. व्होल्टमीटर एकसर लागला तर काही जळत नाही, पण त्याचा रोध खूप मोठा असल्याने अमीटरचा काटा जवळजवळ शून्यावर राहतो.

स्पष्टीकरणाचे उत्तर तपासताना ‘मुद्द्याला एक गुण’ ही पद्धत मेळ बिघडवते. बिग्ज आणि केव्हिन कोलिस यांनी १९८२मध्ये मांडलेल्या सोलो पातळ्या इथे उपयोगी पडतात; उत्तरात मुद्दे किती आणि ते एकमेकांना कितपत जोडलेले, यावरून त्या ठरतात. ‘ग विझेल’ एवढेच लिहिले तर १ गुण. ‘ग विझेल, क आणि ख उजळतील’, पण कारण नाही, तर २. एकूण रोध कमी झाला, म्हणून धारा वाढली, म्हणून उजेड वाढला, अशी साखळी जोडली तर ४. तीनचा आकडा मुद्दाम गाळला आहे: सुटे मुद्दे आणि जोडलेले मुद्दे यांतला फरक गुणांत दिसायला हवा. ही वाटणी मुलांना चाचणीआधीच, नमुना उत्तरांसह दाखवावी. त्यात पेपरफुटी नाही, कारण मांडणी नवीच येणार आहे.

चाचणीनंतर एकूण गुणांबरोबर तक्त्याच्या स्तंभांची वर्गसरासरीही काढावी. ज्ञानात ५ पैकी ४ आणि आकलनात ७ पैकी २ आली, तर पुन्हा नियम सांगून उपयोग नाही. भाकिताची तासिका पुन्हा घ्यावी लागेल. त्यासाठी टॉर्चचे २.५ व्होल्टचे तीन दिवे आणि तीन घट पुरतात: आधी प्रत्येक दिव्याला १.५ व्होल्ट, कळ दाबल्यावर दोघांना साधारण २.२५. पुढच्या चाचणीत कळ ‘ख’ आणि ‘ग’ या दोघांना मिळून समांतर दाखवावी. ती मांडणी मात्र कागदावरच ठेवावी, कारण प्रत्यक्षात ‘क’वर सगळे ४.५ व्होल्ट येतील आणि दिवा उडेल.