थीम बदलली आणि खोल्यांचे दर गायब: थीमचं काम कोणतं, प्लगइनचं कोणतं?

गंगापूर धरणाजवळचा एखादा होमस्टे घ्या. सिंहस्थाच्या तोंडावर वेबसाइटला नवं रूप हवं म्हणून मालक थीम बदलतात आणि खोल्या, दर, चौकशीचा फॉर्म सगळंच दिसेनासं होतं. वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या या लोकप्रिय सॉफ्टवेअरवर, हे वरचेवर घडतं. प्लगइनकडे द्यायचं काम कुणीतरी थीममध्ये कोंबलेलं असतं.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही झिप फाइलमधून येतात, दोन्ही डॅशबोर्डवरूनच, म्हणजे साइट चालवायच्या आतल्या पानावरूनच, बसतात. पण थीम एका वेळी एकच चालू राहते, प्लगइन हवी तितकी. थीम मांडणी, अक्षरं, रंग सांभाळते. प्लगइन साइटला नवं काम शिकवतं: येवल्याच्या पैठणीच्या दुकानाला कार्ट आणि पेमेंट हवं, तर वूकॉमर्स हे प्लगइन. त्यासाठी वर्डप्रेसच्या मूळ फाइलींना हात लावावा लागत नाही. त्या फाइलींत ठिकठिकाणी हुक, म्हणजे बाहेरचा कोड अडकवायच्या जागा, ठेवलेल्या आहेत. अॅक्शन हुकवर नवं काम अडकवायचं, फिल्टर हुकवर मजकूर किंवा आकडा वाटेतच बदलायचा.

खरी गडबड करते ती थीममधली 'फंक्शन्स.पीएचपी' ही फाइल. ती प्लगइनसारखंच काम करते, पण ती थीम चालू असेपर्यंतच. 'खोल्या' हा पोस्ट टाइप (मजकुराचा वेगळा प्रकार) तिथे नोंदवला असेल, तर थीम बदलताच डॅशबोर्डमधून तो मेनू जातो. माहिती मात्र डेटाबेसमध्ये शाबूत असते. तोच पोस्ट टाइप त्याच नावाने छोट्या प्लगइनमध्ये नोंदवा, खोल्या परत दिसतील. सगळं पुन्हा टाइप करत बसू नका. आणि विकतच्या थीमच्या फाइलीत थेट केलेले बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात. दिसण्यातले बदल चाइल्ड थीममध्येच, म्हणजे मूळ थीमवर बसणाऱ्या, फक्त आपले बदल ठेवणाऱ्या थीममध्येच, करावेत.

कसोटी एकच: उद्या थीम बदलली तरी ही गोष्ट साइटवर हवी का? हवी असेल तर प्लगइन.

प्लगइनही काही निरुपद्रवी नसतात. बंद केलं की त्या प्लगइनचा मजकूर जिथे यायचा, तिथे पानांवर चौकोनी कंसातले शॉर्टकोड (त्याला बोलावणारे छोटे संकेत) उघडे पडतात. डीअॅक्टिव्हेट केल्यावर सेटिंग साधारणपणे टिकतात, डिलीट केल्यावर काही प्लगइन आपली टेबलंही पुसतात. म्हणून आधी फाइली आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप. कॅशची (पानं तयार ठेवून साइट वेगवान करणारी) दोन प्लगइन एकत्र चालवू नका, दोघांना 'अॅडव्हान्स्ड-कॅश.पीएचपी' ही एकच फाइल हवी असते.

अपडेटनंतर पान पांढरं पडलं, तर आधी अॅडमिनचा ईमेल बघा: ५.२ आवृत्तीपासून (२०१९) वर्डप्रेस तिथे रिकव्हरी मोडची, म्हणजे बिघाड असतानाही आत शिरता येणारी, लिंक पाठवतं. ईमेल आला नाही, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये 'डब्ल्यूपी-कंटेंट'मधल्या 'प्लगइन्स' फोल्डरात जा आणि ज्या प्लगइनवर संशय आहे त्याच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला ते सापडत नाही, म्हणून बंद पडतं आणि लॉगिन उघडतं.