गूगलवर ‘पहिला नंबर’: पैसे मोजण्याआधी हे वाचा

दुकानांची गूगल प्रोफाइल, वेबसाइट आणि जाहिराती सांभाळणाऱ्या आमच्या एजन्सीचं, सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘गूगलमधून बोलतोय. तुमच्या दुकानाचं लिस्टिंग उद्यापासून बंद होतंय, रिन्यूअलचे पैसे आजच भरा.’ आमच्या बऱ्याच ग्राहकांना असा फोन येऊन गेलाय आणि काहींनी पैसे भरलेही आहेत. म्हणून आधी हेच सांगतो: गूगलवरचं दुकानाचं प्रोफाइल, म्हणजे नाव, पत्ता, वेळ, फोटो आणि रिव्ह्यू दिसतात ती चौकट, मोफत आहे. तिला वर्षाचं भाडं नाही आणि रिन्यूअलही नाही. पैसे मागणारा कितीही गोड बोलला तरी फोन ठेवून द्या.

याच फोनचा दुसरा अवतार म्हणजे ‘पहिल्या नंबरची गॅरंटी’. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी काढलंय. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण तेच मागतो, आणि मधल्या काळात गूगल सर्च इतकं बदललंय की पहिला नंबर म्हणजे नेमका कुठला, हेच आधी विचारावं लागतं.

एका पानावर किती ‘पहिले’?

मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या कारागिराचं उदाहरण घेऊ. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पिढ्यान्‌पिढ्यांचं नाव आहे, देशभरातले गवई इथली वाद्यं घेतात. आता पुण्यात कोथरूडला राहणारी एक गायिका मोबाइलवर ‘तंबोरा दुरुस्ती’ असं शोधते. सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या जाहिराती येऊ शकतात. त्याखाली नकाशा आणि तीन दुकानं. त्याखाली नेहमीच्या लिंका. या तिन्हींमध्ये वर येण्याचे नियम वेगळे आहेत, आणि एका ठिकाणी पहिला असणारा दुसऱ्या ठिकाणी दिसेलच असं नाही.

नकाशातल्या तीन जागांसाठी गूगल स्वतः तीन गोष्टी सांगते: शोधलेल्या गोष्टीशी तुमच्या धंद्याचा किती संबंध आहे, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात आणि तुमचं नाव किती आहे. कोथरूडपासून मिरज दोनशेहून जास्त किलोमीटर. त्यामुळे गल्लीचं नाव कितीही मोठं असलं तरी त्या नकाशात पुण्यातली दुकानंच आधी येणार. यावर कुठल्याही एजन्सीकडे औषध नाही, आमच्याकडेही नाही. पैसे देऊन नकाशातली नेहमीची जागा वर सरकवता येत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय.

पण त्याच बाईंनी ‘मिरज तंबोरा’ असं शोधलं तर चित्र बदलतं. आणि ‘तंबोऱ्याची जवारी (तारा ज्या घोडीवर टेकतात तिची घडण, जिच्यामुळे सूर घुमतो) बिघडली तर काय करायचं’ असा प्रश्न टाकला तर अंतराचा फारसा संबंधच राहत नाही. तिथे जिच्यात याचं नीट उत्तर आहे अशी वेबसाइट लागते. या कारागिराला आम्ही नकाशापेक्षा वेबसाइटवर खर्च करायला सांगू: जवारी कशी लावतात, भोपळा तडकला तर काय होतं, वाद्य ट्रान्सपोर्टने पाठवायचं तर पॅकिंग कसं करायचं, हे स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या फोटोंसह. पंक्चर काढणाऱ्याला मात्र वेबसाइटची गरजच नाही. त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या किलोमीटरवर गाडी ढकलत उभं असतं. त्याला नकाशावरची पिन बरोबर जागी हवी आणि फोन उचलणारा माणूस हवा.

जाता जाता: ‘बघा, तुमचं दुकान पहिलं आलं’ असं म्हणून कोणी तुमच्याच दुकानात बसून मोबाइल दाखवला तर हुरळून जाऊ नका. दुकानात बसून शोधलं तर अंतर शून्य असतं. ते दुकान वर येणारच.

लोक काय टाइप करतात हेही धंद्याप्रमाणे बदलतं. कोणी देवनागरीत लिहितं, कोणी मराठीच पण रोमन लिपीत, कोणी सरळ बोलतं. मराठीतून बोलून शोधायची सोय गूगलने २०१७ मध्येच दिली. या तिन्ही प्रकारांत निकाल एकसारखे येत नाहीत. म्हणून वेबसाइटवरचा मजकूर आम्ही मराठीत आग्रहाने लिहून घेतो, नुसता इंग्रजीतून उलथा करून टाकत नाही.

एआयचं उत्तर आणि घटलेले क्लिक

‘वेबसाइटवर पूर्वीइतकी माणसं येत नाहीत’ ही तक्रार आता सगळीकडून ऐकू येते. बऱ्याचदा दोष वेबसाइटचा नसतो. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात इंग्रजी आणि हिंदीतून ‘एआय ओव्हरव्ह्यू’ सुरू केला. प्रश्न विचारला की लिंकांच्या वर एक तयार उत्तर येतं. २०२५ मध्ये ‘एआय मोड’ आला. त्यात तर गप्पा मारल्यासारखं विचारत जायचं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधल्या वापराचा अभ्यास केला. एआयचं उत्तर दिसलं तेव्हा लोकांनी खालच्या लिंकवर ८ टक्के वेळा क्लिक केलं, उत्तर नव्हतं तेव्हा १५ टक्के वेळा. खुद्द त्या उत्तरातल्या लिंकवर जेमतेम १ टक्का. आकडे तिकडचे आहेत, पण कल इकडेही तसाच दिसतो: सर्च कन्सोल या गूगलच्याच मोफत साधनात तुमचं पान किती वेळा दिसलं हा आकडा चढतो आणि क्लिकचा उतरतो.

मग वेबसाइट कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण ते उत्तर हवेतून येत नाही. ते कोणाच्या तरी पानांवरूनच उचललेलं असतं. सुरुवातीच्या दिवसांत याच सोयीने, चीज घसरू नये म्हणून पिझ्झाच्या सॉसमध्ये गोंद घालायचा सल्ला एकाला दिला होता. रेडिट या गप्पांच्या वेबसाइटवरचा जुना विनोद खरा धरून. तुमच्या दुकानाबद्दल कोणी विचारलं आणि नेटवर तुमचं स्वतःचं काहीच नसलं, तर उत्तर कुठल्या तरी जुन्या डिरेक्टरीतून येईल, त्यात दहा वर्षांपूर्वीचा लँडलाइन असेल आणि ‘रविवारी चालू’ असं लिहिलेलं असेल. आमचं निम्मं काम आता हेच असतं: जिथे जिथे जुना नंबर आणि जुना पत्ता पडून आहे तिथून तो काढायचा.

आमच्या मते ज्या वेबसाइट नुसत्या माहितीवर चालायच्या त्यांचं या बदलात खरंच नुकसान आहे. पाककृती, घरगुती उपाय, बातम्या यांचं उत्तर वरच मिळालं तर खाली कोण येणार? अमेरिकेतल्या पेन्स्की मीडिया या प्रकाशन कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये याच कारणावरून गूगलला कोर्टात खेचलंय. पण टाइल्स, दात, मंगल कार्यालय किंवा हळद विकणाऱ्याला इतकं घाबरायचं कारण नाही. एआय उत्तर देईल, दात काढणार नाही.

जाहिरात द्यायची असेल तर

जाहिरातीची जागा विकत मिळते, आणि ते उघड लिहिलेलंही असतं. ठरावीक दर नसतो. प्रत्येक शोधाला लिलाव होतो, त्यात तुमची बोली आणि जाहिरातीचा दर्जा दोन्ही बघितले जातात, आणि पैसे साधारणपणे कोणी क्लिक केलं तरच जातात. वर १८ टक्के जीएसटी. बजेट ठरवताना तो धरत नाहीत आणि मग पैसे लवकर संपले म्हणतात.

एक सेटिंग मात्र आम्ही प्रत्येकाला स्क्रीनवर दाखवतो, कारण बहुतेक गळती तिथूनच होते. गाव निवडताना खाली एक छोटा पर्याय असतो. मुळात तो असा लावलेला असतो की त्या गावात असलेल्यांनाच नाही, तर त्या गावात ‘रस दाखवणाऱ्यांना’ही जाहिरात दिसते. मंगल कार्यालयाला हे चालतं. सांगलीतलं कार्यालय पुण्या-मुंबईचे नातेवाईक बघतात, बुक करतात. पण मिरजेत टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला नाशिकहून आलेला क्लिक काय कामाचा? त्याने ‘फक्त इथे असलेले’ हा पर्याय निवडायचा. पूर्वी कोणाकडून जाहिरात लावून घेतली असेल तर आज संध्याकाळीच हे उघडून बघा.

नाव, रिव्ह्यू आणि बदललेले नंबर

पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर ठेवा. ‘अमुक फर्निचर सांगली बेस्ट सोफा स्वस्त कपाट’ असं नाव लावून द्या, असा आग्रह काही जण धरतात, कारण त्याने काही दिवस फायदा झाल्यासारखा वाटतो. गूगलच्या नियमात ते बसत नाही. कोणी तक्रार केली तर नाव बदलतं, कधी प्रोफाइलच निलंबित होतं, आणि मग दिवाळीच्या तोंडावर दुकान नकाशावरून गायब. परत आणायला किती दिवस लागतील हे आमच्या हातात नसतं.

रिव्ह्यूसाठी सूट, मिठाईचा बॉक्स किंवा कूपन देणं हेही नियमाबाहेर आहे. खूश गिऱ्हाइकांनाच तेवढं निवडून विचारणंही. सगळ्यांना विचारा आणि वाईट रिव्ह्यूला दोन ओळींचं सभ्य उत्तर द्या. नवं गिऱ्हाईक पाच तारे बघतं, पण वाचतं ते एक तारावालं आणि त्याखालचं तुमचं उत्तर. भांडायची जागा ती नव्हे.

प्रोफाइलमध्ये कोणीही ‘बदल सुचवू’ शकतो. ही सोय चांगल्यासाठी आहे, पण याच वाटेने बँकांच्या शाखांचे नंबर बदलून लोकांना फसवल्याच्या घटना महाराष्ट्रात झालेल्या आहेत. पहिल्या तारखेला एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवर स्वतःचं दुकान शोधा आणि तिथल्या नंबरवर फोन लावून बघा. तुमचा वाजला नाही तर लगेच आम्हाला कळवा, आणि कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा.

शिवाय ज्यांनी काही वर्षांपूर्वी प्रोफाइलमधूनच मोफत वेबसाइट बनवली होती, पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असणारी, त्यांची ती वेबसाइट आता नाही. गूगलने त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. गावात अजून कितीतरी पाट्यांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर तो पत्ता छापलेला दिसतो. प्रोफाइलमधली चॅटची सोयही जुलै २०२४ अखेर गेली. फुकटच्या जागेवर सगळा डोलारा उभारू नका असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

कोर्टातल्या बातम्यांचा आपल्याशी संबंध

‘गूगलचं तुकडं होणार’ असे मेसेज मध्यंतरी फिरले, म्हणून थोडक्यात. अमेरिकन सरकारने २०२० मध्ये खटला भरला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती अमित मेहता यांनी, सर्चमधली मक्तेदारी टिकवण्यासाठी गूगलने कायदा मोडला, असा निकाल दिला. त्या खटल्यातून बाहेर आलेला एक आकडा आमच्या डोक्यातून जात नाही: फोनवर आणि ब्राउझरवर आपलंच सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून गूगलने एकट्या २०२१ मध्ये २,६३० कोटी डॉलर मोजले. नकाशातली पहिली जागा पैशाने मिळत नाही म्हणणारी कंपनी स्वतःच्या पहिल्या जागेसाठी एवढी रक्कम मोजते! सप्टेंबर २०२५ मध्ये उपाययोजनेचा आदेश आला. क्रोम हा ब्राउझर विकायची गरज नाही, पण फक्त आमचंच सर्च ठेवा असे करार करायचे नाहीत आणि सर्चचा काही डेटा स्पर्धकांना द्यायचा, असा त्याचा सारांश.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये सर्चमधल्या पक्षपातासाठी १३५.८६ कोटींचा आणि २०२२ मध्ये अँड्रॉइडवरून १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्यानंतर फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडायची सोय देण्याचं गूगलने जाहीर केलं. आमच्या ग्राहकांच्या कॉलमध्ये त्याने फरक पडल्याचं आम्हाला तरी दिसलेलं नाही. तरीही मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्चवर दुकानाची नोंद करून ठेवावी, फुकट आहे.

अमेरिकेतल्या त्या खटल्यात गूगलच्या सर्च विभागाचे पांडू नायक यांची साक्ष झाली आणि लोक कुठल्या निकालावर क्लिक करतात याची साठवलेली नोंद क्रम ठरवताना वापरली जाते, हे उघड झालं. ते ऐकून काही जणांनी पैसे घेऊन खोटे क्लिक करून द्यायचा धंदा मांडलाय. तुम्हाला कोणी तसं पॅकेज दिलं तर आम्हाला विचारायचीही गरज नाही, सरळ नाही म्हणा.

आमच्याकडे येताना

प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्हीच, तुमच्या स्वतःच्या जीमेलवर. आम्ही ‘मॅनेजर’ म्हणून राहतो. काम बंद केलंत की एका मिनिटात आम्हाला काढता येतं. आधीच्या माणसाने प्रोफाइल स्वतःच्या नावावर करून ठेवलं असेल तर मालकीची विनंती पाठवावी लागते. ती तुमच्यासमोर, तुमच्याच फोनवरून पाठवू. जीमेलचा पासवर्ड आम्हाला देऊ नका. आम्ही तो मागणारही नाही.

नवं प्रोफाइल असेल तर बहुतेक वेळा गूगल व्हिडिओ मागते. त्यात रस्ता किंवा गल्ली ओळखू यावी, दुकानाची पाटी दिसावी आणि दुकान तुम्हीच चालवता हे कळावं, म्हणजे कुलूप काढून शटर उघडणं, गल्ला, परवाना असं काहीतरी. व्हिडिओ एका दमात घ्यावा लागतो, तुकडे जोडून चालत नाही. त्यामुळे दुकानात गर्दी नसेल आणि लाइट जाणार नसेल अशी वेळ आदल्या दिवशी कळवा, आमचा माणूस शटर उघडायच्या आधी हजर राहील.