बी रोवल्याने ग्वाकामोले हिरवं राहत नाही

ग्वाकामोलेत (कुस्करलेल्या अवोकाडोची मेक्सिकन चटणी) अवोकाडोची बी रोवून ठेवली की ते काळं पडत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. बीत असा काहीही गुण नाही. गर कुस्करला की त्याच्या पेशी फुटतात आणि आतलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने गर तपकिरी करतं. तासाभराने बी उचलून बघा. तिच्याखालचा खळगा तेवढा हिरवा, आजूबाजूचं काळपट. तिथे हवा पोचली नाही, एवढंच. काचेची गोटी रोवली तरी हेच होईल.

मेक्सिकन रेस्टॉरंटात ग्वाकामोले टेबलाशीच करून देतात, त्यात दिखावा आहेच, पण ताजेपणाही आहे. मोल्काहेते या तीन पायांच्या दगडी खलात कांदा, सेरानो मिरची, कोथिंबीर आणि जाडं मीठ आधी वाटायचं, मग 2 पिकलेले अवोकाडो जाडसर कुस्करायचे. अवोकाडो आधी घातला तर मिरची नुसती निसटत राहते, आणि ती वाटली जाईपर्यंत गराचा लगदा होतो.

उरलेलं डब्यात दाबून सपाट करा. क्लिंग फिल्म थेट ग्वाकामोलेवर चिकटवा. नुसती डब्याच्या तोंडाशी ताणली तर आतली हवाही काळं पडायला पुरेशी असते. किंवा वर 1 सेंटिमीटर गार पाणी ओता, फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना निथळून टाका. लिंबाने काळं पडणं लांबतं, थांबत नाही. रंगासाठी जास्त पिळलं तर आंबटढाण होतं.