रुग्णालय पोलीस (अमेरिका)

रुग्णालयाने स्वतः नेमलेले, त्याच्याच आवारापुरते काम करणारे, पण अटक करण्याचा कायदेशीर अधिकार असलेले पोलीस अधिकारी. त्यांचा पगार रुग्णालय देते, अधिकार मात्र राज्याचा कायदा देतो. सुरक्षारक्षक आणि रुग्णालय पोलीस यांच्यातला खरा फरक हाच. रक्षक माणसाला अडवतो, समजावतो, बाहेर काढतो आणि प्रकरण वाढले की शहराच्या पोलिसांना फोन करतो. रुग्णालय पोलीस जागेवरच त्याला ताब्यात घेऊन पुढची कारवाई सुरू करू शकतो.

कोणाला पोलीस म्हणायचे, हे अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवते. त्यामुळे ही व्यवस्था सगळीकडे सारखी नाही. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांतील अधिकाऱ्यांना ‘पीस ऑफिसर’ असा दर्जा आहे. ते अटक करू शकतात, पण बंदूक बाळगत नाहीत. डॅलस काउंटीच्या पार्कलँड या सार्वजनिक रुग्णालयाचे पोलीस दल मात्र सशस्त्र आहे. जॉर्जिया राज्याने मे २०२३ मध्ये ‘सेफर हॉस्पिटल्स अॅक्ट’ संमत करून रुग्णालयांना स्वतःचे पोलीस दल उभारण्याची मुभा दिली आणि त्याच कायद्याने आवारात कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याची शिक्षा वाढवली.

अशा दलाच्या मागणीमागचे कारण खरे आहे. १९८६ च्या ‘एमटाला’ या केंद्रीय कायद्याने आपत्कालीन विभागात आलेल्या कोणालाही तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही. दार चोवीस तास उघडे असते. आत येणारा नशेत असेल, भ्रमात असेल, किंवा नुकत्याच गेलेल्या माणसाचा संतापलेला नातेवाईक असेल. कामाच्या जागी जाणूनबुजून केलेल्या हिंसेमुळे २०१८ मध्ये ज्यांना कामावर गैरहजर राहावे लागेल अशा इजा झाल्या, त्यांपैकी ७३ टक्के कर्मचारी आरोग्यसेवेतले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॅलसच्या एका रुग्णालयात प्रसूती विभागात दोन कर्मचाऱ्यांचा गोळीबारात जीव गेला. हल्लेखोराला पायावर गोळी मारून थांबवले ते त्या रुग्णसेवा संस्थेच्याच पोलीस अधिकाऱ्याने. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या प्रवेशकक्षात मारला गेलेला सुरक्षा अधिकारी निःशस्त्र होता. रात्रपाळीच्या परिचारिकेला ‘पोलीस दहा मिनिटांत येतील’ हे उत्तर पुरत नाही, हे मान्य करायलाच हवे.

तरीही बंदूक आत आणणे म्हणजे सुरक्षितता आणणे नव्हे. २००० ते २०११ या काळात रुग्णालयांत झालेल्या १५४ गोळीबारांचा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला. आपत्कालीन विभागांत झालेल्या गोळीबारांपैकी २३ टक्के घटनांत हल्लेखोराने सुरक्षा अधिकाऱ्याचीच बंदूक हिसकावून वापरली होती. ऑगस्ट २०१५ मध्ये ह्यूस्टनच्या एका रुग्णालयात मानसिक झटक्यात असलेल्या २६ वर्षांच्या निःशस्त्र रुग्णाच्या छातीत गोळी मारली गेली, तो वाचला. गोळी झाडणारा शहराचा पोलीस होता आणि ड्युटी नसलेल्या वेळात रुग्णालयासाठी सुरक्षेचे काम करत होता. रुग्णालयाच्या स्वतःच्या दलाचे समर्थक याच घटनेचा दाखला देतात: उसन्या पोलिसापेक्षा वॉर्डचे शिक्षण घेतलेला कायमचा अधिकारी बरा. मुद्दा बिनतोड नाही, पण त्यात तथ्य आहे. मनोविकाराच्या झटक्यातील माणसाला शांत करण्याचे चाळीस तासांचे प्रशिक्षण मेम्फिस पोलिसांनी १९८८ मध्ये सुरू केले. ते रुग्णालयाइतके दुसरीकडे क्वचितच उपयोगी पडत असेल.

‘मेडिकेअर’ या मुख्यतः वृद्धांसाठीच्या केंद्रीय आरोग्यविमा योजनेचे नियमही इथे स्पष्ट आहेत. बेड्या, विजेचा झटका देणारे टेझर किंवा मिरची फवारा ही उपचाराची साधने नाहीत. रुग्णाला आवरण्यासाठी रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी ती वापरू नयेत; वापर झालाच तर ती कायद्याची अंमलबजावणी ठरते.

सगळ्यांत नाजूक प्रश्न माहितीचा आहे. रुग्ण डॉक्टरपुढे मोकळा होतो तो विश्वासावर. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयाने गर्भवती महिलांच्या लघवीची कोकेनसाठी चाचणी करून निकाल पोलिसांना देण्याचे धोरण राबवले. रुग्णेची संमती नसेल तर ही घटनाबाह्य झडती ठरते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ‘फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्स्टन’ खटल्यात दिला. पोलीसच रुग्णालयाचा नोकर असेल, तर उपचार आणि तपास यांच्यातले अंतर राखणे आणखी कठीण होते.

या पोलिसाने कोणाला उत्तर द्यायचे, हेही ठरवावे लागते. सार्वजनिक रुग्णालय शासनाचाच भाग असल्याने त्याच्या पोलिसाला घटनेची बंधने थेट लागू होतात. खासगी संस्थेच्या दलाचे उत्तरदायित्व भांडून मिळवावे लागते: ओटरबाइन या खासगी विद्यापीठाच्या पोलिसांची कागदपत्रे लोकांना पाहता आली पाहिजेत, असा निकाल ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला, तो एका विद्यार्थी पत्रकाराच्या अर्जावर.

जुलै २०१७ मध्ये सॉल्ट लेक सिटीतील यूटा विद्यापीठाच्या रुग्णालयात बेशुद्ध रुग्णाचे रक्त वॉरंट आणि संमतीशिवाय काढू देण्यास नकार देणाऱ्या परिचारिकेला शहराच्या पोलिसाने ओढत बाहेर नेऊन बेड्या घातल्या. विद्यापीठाचे पोलीस आणि रुग्णालयाचे सुरक्षा कर्मचारी तिच्या मदतीला आले नाहीत, अशी टीका झाली. त्यानंतर रुग्णालयाने नियम बदलला: पोलिसांनी रुग्णसेवेच्या भागात यायचे नाही आणि परिचारिकांशी नव्हे, तर पर्यवेक्षकांशी बोलायचे.