‘देवाच्या डोळ्या’तला ऑक्सिजन

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर तो फोटो पुन्हा आला. निळं बुबुळ, भोवती तांबूस कडा, आणि खाली मजकूर : ‘देवाचा डोळा. तीन हजार वर्षांतून एकदाच दिसतो. इच्छा मागा आणि पुढे पाठवा.’ हा फोटो हेलिक्स तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या उजळ वायूच्या ढगाचा आहे. हबल ही अवकाशातली दुर्बीण आणि अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेची दुर्बीण यांनी टिपलेली चित्रं जोडून तो तयार केला आणि २००३ साली प्रसिद्ध झाला. हेलिक्स कुंभ राशीत, सुमारे ६५० प्रकाशवर्षं दूर आहे. दर वर्षी पाऊस सरला की तो संध्याकाळनंतर आपल्या दक्षिण आकाशात असतोच. फोटो पाठवणाऱ्याच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्या खोट्या मजकुराचा राग येतो. कारण त्या निळ्या बुबुळाची खरी हकिगत त्याच्यामुळे झाकली जाते.

ती अशी : सूर्यासारखा एक तारा म्हातारा झाला, त्याने आपली बाहेरची आवरणं अवकाशात सोडून दिली आणि मधे उरला तापलेला गाभा, श्वेत बटू. त्याचं तापमान लाख अंशांच्या वर आहे. त्याच्या अतिनील किरणांनी भोवतालचा वायू उजळतो. इथवर सोपं आहे.

१८६४ च्या ऑगस्टमध्ये लंडनचे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या अशाच एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडून पाहिला. ताऱ्याचा असतो तसा रंगांचा सलग पट्टा नव्हताच. होत्या त्या मोजक्या उजळ रेषा. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नव्हे, वायूच. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, पण त्यातली सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘नेब्युलियम’ नाव पडलं. तसं मानायला कारणही होतं. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, जे विजापूर-गुंटूरच्या पट्ट्यातून पाहिलं गेलं, सौरज्वालांच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली होती. ती ज्याची होती तो हेलियम १८९५ मध्ये पृथ्वीवरही सापडला. नेब्युलियमचंही तसंच होईल, असं वाटत होतं. पण आवर्तसारणी भरत गेली आणि त्याला जागाच उरली नाही.

१९२७ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी कोडं सोडवलं. ती रेषा ऑक्सिजनची होती. आपण श्वासात घेतो तोच, फक्त प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेला.

मग तो प्रयोगशाळेत कसा ओळखू आला नाही? तेजोमेघात मोकळा भटकणारा एखादा इलेक्ट्रॉन या ऑक्सिजनला धडकतो आणि त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनांना वरच्या ऊर्जापातळीवर ढकलतो. एरवी अशी उडी घेतलेला इलेक्ट्रॉन सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात खाली येतो आणि येताना प्रकाश टाकतो. या पातळीवरून खाली यायला मात्र पुंजभौतिकीचे, म्हणजे अणूंच्या जगाचे नियम जवळजवळ मनाई करतात. म्हणून या रेषांना ‘निषिद्ध रेषा’ म्हणतात. निषिद्ध म्हणजे अशक्य नव्हे, अतिशय दुर्मीळ. अणूला सरासरी अर्धा मिनिट तसंच ताटकळावं लागतं. आता आपल्या हवेचा विचार करा. एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे २.५ लाख कोटी कोटी रेणू, आणि प्रत्येकाच्या सेकंदाला अब्जावधी टकरा. अशा गर्दीत ताटकळणाऱ्या अणूची जास्तीची ऊर्जा पुढची टक्करच हिसकावून घेते, प्रकाश बाहेर पडतच नाही. हेलिक्समध्ये तेवढ्याच जागेत शे-दोनशे कण मिळायचीही मारामार. तिथे पुढच्या टकरीला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. अणूला अर्धं मिनिट निवांत मिळतं, आणि तो हिरवा प्रकाश सोडतो.

त्या फोटोत ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे, हायड्रोजन आणि नायट्रोजनला तांबडा. निळा मधे का, याचं उत्तरही त्या अणूतच आहे. ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन काढायला लागणारे किरण हायड्रोजनसाठी लागणाऱ्या किरणांच्या अडीच पटींहून जास्त ऊर्जेचे असावे लागतात. ते ताऱ्याजवळच खर्ची पडतात. बाहेर पोचतात ते मवाळ किरण, म्हणून कड तांबडी.

मागच्या ऑक्टोबरात भंडारदऱ्याजवळच्या माळावर आठ इंची दुर्बीण लावली होती. हेलिक्सची जागा नकाशावरून दोनदा ताडून पाहिली, तरी नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, नुसतं करडं आकाश. मग लाल टॉर्चच्या उजेडात नेत्रिकेला ऑक्सिजनचा फिल्टर बसवला. तो फक्त त्या हिरव्या रेषांजवळचा प्रकाश आत सोडतो. आकाश काळंभोर झालं. अंधुक गोष्टी तिरक्या नजरेला जास्त दिसतात, म्हणून नजर थोडी बाजूला ठेवली, आणि काही वेळाने चंद्राच्या निम्म्या आकाराचं फिकट कडं त्या काळोखात उमटलं.