माध्यमस्वातंत्र्य (मानवी हक्क कायद्यातील)

माध्यमस्वातंत्र्य : वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी व आंतरजालावरील वृत्तसेवा यांना माहिती मिळवण्याचा, ती प्रसिद्ध करण्याचा आणि सत्ताधाऱ्यांवर टीका करण्याचा हक्क. प्रमुख आंतरराष्ट्रीय करारांत त्यासाठी स्वतंत्र कलम नाही. तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पोटात येतो. मात्र जनतेचा माहिती मिळवण्याचा हक्कही त्यात गुंतलेला असल्याने न्यायालये बातमीदाराला विशेष संरक्षण देतात.

या हक्काचा उगम कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. इंग्लंडमध्ये छपाईपरवान्यांचा कायदा १६९५ मध्ये मुदत संपून रद्द झाला, त्यामुळे अनेक जण तेथून आरंभ धरतात. पण तेथे निर्बंध फक्त उठला, हक्क लिहून दिला गेला नाही. तो लिहून देणारा पहिला कायदा म्हणून स्वीडनच्या १७६६ च्या कायद्याला मान देणे अधिक सयुक्तिक ठरेल. त्यातही धर्मशास्त्रीय लेखनावरची पूर्वतपासणी कायम होती. अठराव्या शतकातील इंग्लिश विधिज्ञ ब्लॅकस्टोन याच्या मते स्वातंत्र्य म्हणजे छापण्यापूर्वी अडवणूक नसणे. छापल्यानंतरची शिक्षा त्याला स्वातंत्र्याच्या आड येणारी वाटत नव्हती. आधुनिक मानवी हक्क कायद्याने ही संकुचित व्याख्या सोडून दिली आहे. शिक्षेची भीतीही लेखणी थांबवते, हे त्याने ओळखले.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्यातील कलम १९ मध्ये हा हक्क येतो. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातही (अंमल १९७६ पासून) कलमाचा क्रमांक तोच आहे. करारातील मर्यादांची कारणे मोजकी आहेत : इतरांचे हक्क व अब्रू, राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य आणि नीतिमत्ता. यांबाहेरचे कारण, उदाहरणार्थ सरकारची नाचक्की, चालत नाही.

‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या शब्दांवर मोठा वाद आहे. कराराच्या इंग्रजी संहितेत त्यांच्यापुढे ‘ऑर्द्र प्युब्लिक’ हा फ्रेंच प्रयोग कंसात दिला आहे. इंग्रजी शब्दांचा रोख दंगाधोपा टाळण्याकडे, तर फ्रेंच प्रयोगात समाज ज्यांवर उभा आहे ती मूलतत्त्वेही येतात. व्यापक अर्थ घेतला तर सरकारला जवळजवळ काहीही त्यात बसवता येते, म्हणून त्यावर आक्षेप आहे. करारातील मर्यादांचा अर्थ लावण्यासाठी तज्ज्ञांनी आखलेल्या १९८४ च्या सिराक्यूज तत्त्वांनी व्यापक अर्थ घेतला. पण मानवी हक्कांचा आदर हाही त्या सुव्यवस्थेचाच भाग आहे, असे बजावले. पुढच्याच वर्षी अमेरिका खंडांतील देशांच्या आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने पत्रकारांच्या सक्तीच्या संघसदस्यत्वावरील सल्लामतात म्हटले की, लोकशाहीतली सुव्यवस्था माहितीच्या जास्तीत जास्त प्रसाराचीच मागणी करते. हेच वाचन सर्वांत समाधानकारक वाटते.

निर्बंध तपासताना न्यायालय तीन पायऱ्या घेते. निर्बंध कायद्याने घातलेला आहे का? त्यामागचे कारण मान्य यादीतले आहे का? लोकशाही समाजात तो खरोखर आवश्यक आणि हेतूच्या प्रमाणात आहे का? सरकारे बहुधा तिसऱ्या पायरीवर अडखळतात, कारण तेथे नुसते कारण सांगून भागत नाही. सौम्य उपाय का पुरला नसता, तेही दाखवावे लागते.

‘संडे टाइम्स’ विरुद्ध युनायटेड किंग्डम (१९७९) या खटल्यात तिन्ही पायऱ्या स्पष्ट दिसतात. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणी घेतल्याने व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या भरपाईचे दावे अडकून पडले होते. त्या औषधाच्या चाचण्यांविषयीचा लेख छापू नये, असा मनाई हुकूम न्यायालयाच्या अवमानाच्या तत्त्वावर निघाला. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मानले की, अवमानाचा नियम अलिखित असला तरी तो लोकांना कळण्याजोगा आणि परिणामांचा अंदाज देणारा असल्याने कायदाच आहे. न्यायसंस्थेचा अधिकार जपणे हे कारणही युरोपीय मानवी हक्क कराराच्या यादीत आहे, म्हणून मान्य आहे. पण वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या, प्रश्न साऱ्या देशाच्या काळजीचा आणि वस्तुस्थिती कळणे पीडित कुटुंबांच्या जिव्हाळ्याचे. अशा वेळी मनाई आवश्यक नव्हती. निकाल ११ विरुद्ध ९ असा निसटता लागला.

प्रकाशनपूर्व मनाईबाबत विभागीय करार एकसारखे नाहीत. अमेरिका खंडांतील देशांचा मानवी हक्क करार, म्हणजे अमेरिकी करार (१९६९), ती जवळजवळ पूर्ण नाकारतो; अपवाद फक्त सार्वजनिक करमणुकीचे कार्यक्रम मुलांसाठी नियंत्रित करण्याचा. युरोपीय करारात अशी बंदी नाही, पण तपासणी कडक आहे. बातमी नाशवंत असते. महिनाभर अडवलेली बातमी नंतर मोकळी केली तरी तिची किंमत गेलेली असते. वृत्तपत्री कागद वा नभोवाणीच्या लहरींच्या वाटपातून केलेली आडून अडवणूक अमेरिकी करारात नावानिशी निषिद्ध आहे.

अब्रुनुकसानीत वस्तुस्थिती आणि मत वेगळे ठेवावे लागते. वस्तुस्थिती सिद्ध करता येते. मताचे तसे नसते, आणि मत खरे ठरवून दाखवा म्हणणे हाच हक्कभंग, असे युरोपीय न्यायालयात लिंगेन्स विरुद्ध ऑस्ट्रिया (१९८६) मध्ये ठरले. राजकारण्याने सामान्य माणसापेक्षा अधिक टीका सोसावी, हेही त्यातच. आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाने कोनाते विरुद्ध बुर्किना फासो (२०१४) मध्ये अब्रुनुकसानीसाठी दिलेली कैद प्रमाणाबाहेरची ठरवली. बातमीच्या सूत्रांचे नाव सांगण्याची सक्ती युरोपीय न्यायालयात ब्रिटिश पत्रकार गुडविन याच्या प्रकरणात (१९९६) अवैध ठरली.

द्वेषमूलक मजकुराला मात्र १९६६ च्या कराराचे कलम २० लागू होते : भेदभाव, वैर वा हिंसेची चिथावणी देणाऱ्या द्वेषाचा पुरस्कार कायद्याने बंद करणे राष्ट्रांवर बंधनकारक आहे. त्याचा उंबरठा संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात कृती आराखड्याने सहा कसोट्यांनी आखला : संदर्भ, वक्ता, हेतू, आशय व रूप, व्याप्ती, अपाय घडण्याची शक्यता. द्वेष दाखवणे आणि द्वेष पसरवणे यांत फरक आहे. वंशद्वेष्ट्या तरुणांची मुलाखत प्रसारित करणाऱ्या डॅनिश पत्रकाराची शिक्षा येर्सिल्ड प्रकरणात (१९९४) याच भेदावर हक्कभंग ठरली.

आशियात प्रादेशिक मानवी हक्क न्यायालय नाही. तेथील पत्रकाराला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे व्यक्तिगत तक्रार नेता येते, पण देशाने १९६६ च्या कराराचा पहिला वैकल्पिक प्रोटोकॉल (अशा तक्रारींची सोय करणारा पुरवणी करार) स्वीकारला असेल आणि देशातले उपाय आधी संपवले असतील, तरच.