ब्रिटिश प्रजा, पण चीनमध्ये नाही

हाँगकाँगच्या बीएनओ पासपोर्टचा (ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज, म्हणजे हाँगकाँगकरांसाठीचा खास ब्रिटिश पासपोर्ट) वाद निघाला की सगळे 1997 वर, म्हणजे ब्रिटनने हाँगकाँग चीनला परत दिलं तिथे येऊन थांबतात. पण घोळ त्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधीचा, सिंगापूर-पेनांग या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतींचा आहे. तिथे जन्मलेला चिनी आपोआप ब्रिटिश प्रजा. चीनमधून आलेल्यालाही अर्ज करून तो कागद मिळायचा, 1852 च्या हिंदुस्थानातल्या कायद्याने, कारण 1867 पर्यंत तिथला कारभार कलकत्त्याहून चालायचा. चीनच्या तेव्हाच्या चिंग राजघराण्याच्या सरकारच्या लेखी मात्र परवानगीशिवाय देश सोडणं हाच गुन्हा, ती बंदी रीतसर उठली 1893 ला.

खरं भांडण लागलं चीनच्या अमॉय (आजचं शियामेन) बंदरात. पेनांगचा व्यापारी बापजाद्यांच्या गावी परत यायचा, भाषा तीच, झगा तोच, पाठीवर वेणीही तीच, आणि कराचा किंवा कोर्टाचा प्रश्न आला की खिशातून ब्रिटिश कागद काढायचा, म्हणजे चिनी अधिकाऱ्याला त्याला हातच लावता येत नाही, केस तिथल्या ब्रिटिश कॉन्सलकडे, म्हणजे ब्रिटनच्या प्रतिनिधीकडे. चिनी अधिकारी वैतागणारच की! शेवटी 1868 मध्ये पेकिंगच्या (आजचं बीजिंग) ब्रिटिश राजदूताने फतवा काढला: चीनमध्ये आमचं संरक्षण हवं तर चिनी पोशाख सोडा, वेगळे ओळखू याल असे कपडे घाला. म्हणजे नागरिकत्व जन्माने, पण संरक्षण शिंप्याकडून! सोय दोन्ही सरकारांची झाली, असं माझं मत. त्या व्यापाऱ्याला कोणी विचारलं नाही.

1877 ला सिंगापुरात चीनचा पहिला कॉन्सल बसला आणि त्याच वर्षी ब्रिटिशांनीही चिनी लोकांसाठी 'प्रोटेक्टोरेट' नावाचं खातं उघडलं. एकाच माणसाचे दोन रक्षक. 1909 च्या चिनी कायद्याने बाप चिनी तर पोरगं चिनी, जन्म कुठेही होवो. मग 1930 च्या हेग करारात चौथं कलम आलं, की दुहेरी नागरिकाला एक देश दुसऱ्या देशाविरुद्ध संरक्षण देऊ शकत नाही. मलायात अजून एक गंमत, सिंगापुरात जन्मलात तर ब्रिटिश प्रजा, सुलतानाच्या राज्यातल्या ईपोहला जन्मलात तर नुसतं 'प्रोटेक्टेड पर्सन', म्हणजे ब्रिटिश संरक्षण, पण प्रजा नाही.

हाँगकाँगमध्ये 1987 पासून बीएनओ द्यायला लागले, पण चीन तिथल्या चिनी लोकांना स्वतःचेच नागरिक धरतो. 31 जानेवारी 2021 ला ब्रिटनने बीएनओवाल्यांसाठी व्हिसा उघडला आणि त्याच दिवसापासून चीनने तो पासपोर्ट मानणं बंद केलं. तसाही मेनलँडला, म्हणजे मुख्य चीनमध्ये जाताना तो कधी चालायचा नाही, तिथे चीनने दिलेलंच कार्ड दाखवावं लागतं, ज्याला सगळे 'होम रिटर्न परमिट' म्हणतात.